काजवा: दोघांची बोट एकटीने न्यायची

१८ फेब्रुवारी. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओबानजवळ, बोटयार्डात

नवऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली, मे महिन्यातली. म्हणजे यंदाचा उन्हाळा तो बोटीवर नाही. सहा वर्षं आम्ही दोघं ‘काजवा’ घेऊन मल, कोल, टायरी या बेटांपर्यंत हिंडलो. बॅरा बेट मात्र दर वर्षी पुढच्या वर्षावर गेलं. रात्री जेवताना मी म्हटलं, मी एकटी नेते. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बोटीवर मी काय काय करतो ते आधी लिहून काढ."

काजवा म्हणजे वेस्टर्ली सेंटॉर जातीची २६ फुटी शिडाची बोट, १९७४ची. १९६९ ते १९८० या काळात ब्रिटनमध्ये या जातीच्या दोन हजारांहून जास्त बोटी बांधल्या गेल्या. पोटाखाली दोन कील, म्हणजे खाली उतरलेले जड पंखे, त्यामुळे ओहोटीला वाळूवर सरळ उभी राहते. वाऱ्यावर चढताना म्हैस आहे. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे ठाऊक असूनही माझा तिच्यावर भरवसा आहे.

बेत असा: ओबान, मल बेटावरचं टोबरमोरी, कॅना बेट, तिथून हेब्रिडीजचा समुद्र ओलांडून बॅरा बेटावरचं कासलबे. शेवटचा टप्पा ३३ सागरी मैलांचा, खुल्या पाण्यातला.

३ मार्च

यादी केली. आठ-दहा कामं निघतील असं वाटलं होतं, निघाली ३१. मोठी कामं अपेक्षितच होती: डोलकाठीपाशी उभं राहून शीड चढवणं, नांगर टाकणं, धक्क्याला लागताना दोर घेऊन उतरणं. मी दचकले ती बारक्या कामांनी. मी नकाशा बघायला आत गेले की तो बाहेर बघत असतो. मी चहा करते तेव्हा सुकाणूचा दांडा त्याच्या हातात असतो. मला शंका आली की मी मोठ्याने विचारते, "तो बोया लाल आहे की हिरवा?" आणि बहुतेक वेळा विचारता विचारताच उत्तर सापडतं. हे काम यादीत कसं लिहायचं ते कळेना. शेवटी ‘ऐकणे’ असं लिहिलं.

प्रत्येक कामापुढे उपाय लिहायचा. काही कामं यंत्राकडे गेली, काही कामांची वेळ बदलली: जेवण निघण्याआधी थर्मासमध्ये, नकाशाचं टिपण आदल्या रात्री, जाड पेनाने, प्लास्टिकच्या पिशवीत. ‘ऐकणे’पुढची जागा रिकामी आहे.

२४ मार्च

डोलकाठीपाशी जायची गरजच पडू नये म्हणून सगळे दोर छतावरून मागे कॉकपिटमध्ये आणले. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्येक वळणावर एक कप्पी बसते आणि प्रत्येक कप्पी थोडी ताकद खाते. पहिल्या प्रयत्नात मोठं शीड वरच्या टोकापासून मीटरभर खाली अडकलं, ते काही केल्या वर जाईना. डोलकाठीच्या पायथ्याच्या कप्प्या बदलून मोठ्या, बेअरिंगवाल्या बसवल्या. आता जातं, घाम काढून.

वारा वाढला की शीड आखूड करायचं, म्हणजे रीफ घ्यायचा. हे काम एकट्या माणसाला नेमक्या वाईट वेळी करावं लागतं. एकाच दोराने दोन्ही कोपरे ओढणारी पद्धत मला पटली नाही, गुंता एका ठिकाणी झाला तरी सगळंच अडतं. पुढच्या कडेला एक दोर, मागच्या कडेला दुसरा. टेकूंवर उभ्या बोटीवर घड्याळ लावून सराव केला. पहिल्यांदा ११ मिनिटं लागली. संध्याकाळपर्यंत चारवर आले. शेजारच्या बोटीला रंग देणारे आजोबा दिवसभर हे बघत होते. जाताना म्हणाले, बोट पाण्यात असली की वेळ दुप्पट धर.

१३ एप्रिल

सगळ्यांत महत्त्वाचा दिवस, आणि फजितीचाही.

दोघं असताना एक जण पाण्यात पडला तर दुसरा बोट वळवतो. एकटी असताना मी पडले तर बोट ऑटोपायलटवर तशीच पुढे जाईल, काठीला टांगलेल्या माझ्या जॅकेटसकट. त्यामुळे पडायचंच नाही. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत दोन्ही बाजूंना जाड पट्टे ताणले. हार्नेसचा हूक त्यात अडकवल्याशिवाय कॉकपिटबाहेर पाय टाकायचा नाही. लाइफजॅकेटमध्ये मदतीचा संकेत पाठवणारा आणीबाणीचा बीकन आहे, माझ्या नावावर नोंदवलेला.

तरी पडलेच तर? तरंगत्या धक्क्याला बांधलेल्या एका मैत्रिणीच्या बोटीवरून, ड्रायसूट घालून, मुद्दाम पाण्यात उतरले. पाणी ८ अंश. सूट असूनही पहिलं मिनिट फक्त श्वास आवरण्यात गेलं. मग शिडी. मागची घडीची शिडी माझ्याही बोटीवर अशीच आहे. तिची खालची पायरी पाण्याच्या वर राहते, आणि भिजलेलं जॅकेट व बूट घालून तिच्यापर्यंत गुडघा उचलणं मला जमलं नाही. तीनदा प्रयत्न केला. सहा वर्षं ही शिडी आमच्या ‘सुरक्षा साहित्या’त मोजली जात होती.

उपाय: दोराची शिडी पिशवीत घडी करून मागच्या कठड्याला बांधली, तिची ओढायची गाठ पाण्यातून हाताला लागेल अशी. ती मीटरभर पाण्याखाली जाते. परत उतरले, परत चढले. जमलं. रात्री खांदे उचलत नव्हते.

२९ एप्रिल

बोट पाण्यात. एकटीने धक्क्याला लावायची युक्ती: नाळेचा आणि मागचा दोर विसरायचा, बोटीच्या मध्यावरचा एकच आखूड दोर आधी धक्क्याला घालायचा आणि इंजिन हलकेच पुढे चालू ठेवायचं. बोट आपोआप धक्क्याला चिकटून राहते. बाकीचे दोर मग सावकाश. पाचपैकी चार वेळा जमलं. पाचव्या वेळेची खूण बोटीच्या उजव्या कुशीवर आहे, हातभर लांब.

१४ मे

पहिली एकटीची फेरी, लिस्मोरच्या दीपगृहापर्यंत आणि परत. विशेष काही नाही, म्हणजे चांगलीच झाली. स्वयंपाकघरातला टायमर गळ्यात अडकवला होता, दर दहा मिनिटांनी वाजणारा. वाजला की उठून सगळं क्षितिज फिरून बघायचं, मग यंत्रावरची जहाजं बघायची. सारखी नजर ठेवणं हा समुद्रावरच्या वाहतुकीचा नियमच आहे, त्यात एकट्या माणसाला सवलत नाही. म्हणून मी रात्रीचे टप्पे ठेवलेले नाहीत. इथे जूनमध्ये दहानंतरही उजेड असतो.

बोट ‘उभी’ करायचा सरावही केला. पुढचं शीड उलट्या बाजूला ताणायचं, दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधायचा. दोन्ही एकमेकांना अडवतात आणि बोट जागच्या जागी डोलत राहते, शांत. तेवढ्यात चहा केला. पहिल्यांदाच कोणाच्या हातात दांडा न देता.

२ जून

कालपासून कोकणात मासेमारी बंद. देवगडला मामाच्या ट्रॉलरवरची जाळी उतरली असतील. आमच्याकडे ज्या महिन्यात होड्या वर ओढतात त्या महिन्यात इथे त्या पाण्यात सोडतात, याची सवय मला बारा वर्षांत झालेली नाही. जून म्हटलं की समुद्र बंद, हे हाडात बसलंय.

मामाला फोन केला. तो चाळीस वर्षं तांडेल होता. "एकटीच कित्याक जातंस गो?" मी कारण सांगितलं. गुडघ्याची चौकशी झाली. मग वारा कुठला, पाणी किती, उधाण की भांग, सगळं विचारून घेतलं. मी १० तारखेच्या आसपास भांग असल्याचं सांगितलं, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. त्याला ते आवडलं. "वारो बघ, पाणी बघ, मगे जा." एवढंच.

आत्याने वेगळंच विचारलं, ते म्हादेईवाले दोंदे गेले तसं का? कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीला वळसा घालून १९ मे २०१०ला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांची ‘म्हादेई’ बोटही गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. मी ३३ मैल जातेय. आत्याला म्हटलं, तसंच, थोडं कमी.

नियम लिहून केबिनच्या दारावर चिकटवले. वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मोजपट्टीवर ५च्या वर अंदाज असेल तर निघायचं नाही. अर्ध्या वाटेआधी शंका आली तर परत. कोस्टगार्डचं दर तीन तासांचं हवामान बुलेटिन चुकवायचं नाही.

५ जून. टोबरमोरी

ओबानहून आले. ओळखीची वाट, काही लिहिण्यासारखं नाही.

७ जून. टोबरमोरी

दोन दिवस वारा ६. बसून आहे. पर्यटक धक्क्यावरच्या रंगीत घरांचे फोटो काढतात, मी झेंड्याचे काढून नवऱ्याला पाठवते. तो उत्तरात ‘नको’ एवढंच लिहितो.

८ जून. टोबरमोरी ते कॅना, ३० मैल

सकाळी ६ला निघाले. ईशान्येचा वारा, ४. आर्डनामर्कनच्या टोकाला आदल्या दिवसांचं वादळी पाणी अजून उरलं होतं. १८४९चं ते उंच दगडी दीपगृह कधी दिसे, कधी लाटेमागे जाई. या टोकाला वळसा घालणाऱ्या बोटींनी नाळेला हेदर नावाच्या झुडपाची फांदी बांधायची रीत आहे. मी बांधली नाही. आधी परत येऊ दे.

इथे पहिला रीफ घेतला. साडेसात मिनिटं. रंगवाल्या आजोबांचा हिशोब बरोबर निघाला.

स्वयंपाकाच्या कप्प्यात बिडाचा तवा आहे, घावण्यांसाठी आणलेला. तो दर लाटेला खडखडत होता. चार तास. समुद्रावर एकटं असताना शांतता असते असं ज्यांना वाटतं त्यांनी सोबत तवा न्यावा.

रम बेटाच्या डोंगरांखालून जाताना शिअरवॉटर पक्षी पाण्याला पंख टेकवल्यासारखे जात होते. ते रमच्या उंच उतारांवर बिळांत घरटी करतात, लाखाच्या घरात जोड्या. दुपारी कॅनाच्या बंदरात वारा नव्हताच. बोट बांधायचा बोया पहिल्याच फटक्यात हाती लागला. उगाच गर्व झाला.

९ जून. कॅना

आज मुक्काम. बंदराच्या वर कंपास हिल नावाची टेकडी आहे. तिच्या खडकात इतकं लोह आहे की जवळून जाणाऱ्या बोटींची होकायंत्रं भरकटतात, म्हणून हे नाव. काल येताना मी मुद्दाम बघत होते. मला तरी काही फरक दिसला नाही, लाटांत सुई तशीही दहा अंश डुलत होती.

चढून वर गेले. कॅनाच्या कड्यांना पायऱ्या आहेत: कठीण थराचा कडा, मऊ थराचा उतार, परत कडा. कॉलेजात असताना घाटात भटकलेल्या माणसाला हे कोणी समजवावं लागत नाही. लाव्हाचे थर, आपल्यासारखेच. इथला बेसॉल्ट साधारण ६ कोटी वर्षांचा, दख्खनचा ६.६ कोटींच्या आसपास. वर बसून डबा खाल्ला आणि पश्चिमेला बघितलं. बॅराकडची बेटं क्षितिजावर निळी, दातांसारखी, मध्ये नुसतं पाणी.

संध्याकाळी तवा धुतला, पुसला, तेल लावलं आणि खडखडाट नको म्हणून कॉकपिटच्या बाकाखालच्या खणात, सुक्या दोरांमध्ये नीट गुंडाळून ठेवला.

१० जून. कॅना ते कासलबे

निघाले ६.४०. ईशान्य ४, कधी ५. लाट मीटरभर. अंदाज दिवसभर हाच.

कॅनाचं पश्चिम टोक मागे पडेपर्यंत सुकाणू हातातच होतं. मग ऑटोपायलट दांड्याला जोडला, २६०च्या आसपासची दिशा दिली आणि कॉफी ओतली. डावीकडे हायस्कियरचं दीपगृह, सपाट खडकावर एकटं उभं.

टायमर वाजला, क्षितिज बघितलं, मग पडद्यावरची ठरलेल्या वाटेची रेघ. बोट रेघेच्या उजवीकडे सरकत होती. वाटलं, कंपास हिल. मागेच तर आहे. बटण दाबून दिशा दुरुस्त केली. दहा मिनिटांनी परत उजवीकडे. कंपास हिल चार मैल मागे पडली होती. मग वाटलं, भरती. इथलं भरतीचं पाणी उत्तरेकडेच ओढतं. परत दुरुस्त केलं. पण आज भांग, पाण्याला एवढा जोर कुठला? तिसऱ्यांदा वाटलं, वारा वाढलाय, शीड जास्त आहे, बोट ओढतेय. रीफ घेतला. पाच मिनिटं दहा सेकंद. तरीही उजवीकडे.

दीड तासात मी रेघेच्या पावणेदोन मैल उत्तरेला होते. असंच चालू राहिलं असतं तर कासलबेऐवजी बॅरा आणि एरिस्के यांच्यामधल्या खडकाळ सामुद्रधुनीच्या तोंडाशी गेले असते. पण तोवर सूर्य आणि जमीन दोन्ही दिसत होती, त्यामुळे हरवणं शक्य नव्हतं. भीती वेगळी होती. यंत्र बिघडलं असेल तर उरलेले सहा तास दांडा हातात धरून बसायचं, उठायची सोय नाही. नियम आठवला: अर्ध्या वाटेआधी शंका आली तर परत.

बोट ‘उभी’ केली. शांतता. आणि मी मोठ्याने बोलायला लागले, जसं त्याच्याशी बोलते. "परवापर्यंत बरोबर होतं. परवा आणि आज यात काय बदललं? वारा तोच. शीड तेच. यंत्र तेच. सामान..."

ऑटोपायलटचं होकायंत्र त्याच्या स्वतःच्या नळीतच असतं, दांड्याशेजारी. त्याच्या वीतभर खाली बाकाखालचा खण. खणात दोन किलो बीड.

तवा काढून आतल्या पलंगाखाली, पार नाळेकडे नेला. ऑटोपायलट परत जोडला. बोट रेघेला समांतर, जणू काही झालंच नव्हतं. लाज याची वाटते की केबिनच्या दाराशेजारचं जुनं होकायंत्र, ज्याला ना वीज लागते ना बटण, ते पूर्ण वेळ खरी दिशा दाखवत होतं. दोन होकायंत्रांत १५ अंशांचा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी डोंगराला, चंद्राला, वाऱ्याला बोल लावत होते.

मधले चार तास उत्तम. वाऱ्याने कुशीवर घेतलेली बोट ५ नॉटच्या आसपास, मागे कॅना आणि रम बुटके होत गेलेले, पुढे बॅराचा सगळ्यांत उंच डोंगर हळूहळू हिरवा. एक मासेमारी बोट सोडून कोणी नाही. ३१ कामांपैकी यातली कितीतरी आठवलीसुद्धा नाहीत, हात करत होते.

कासलबेत वारा गेला नव्हता. बोयाची युक्ती पाठ होती: नाळेपासून लांब दोर बाहेरून कॉकपिटपर्यंत आणायचा, बोया बोटीच्या मध्यावर आला की त्याला फासात घ्यायचं. पहिल्यांदा लवकर थांबले, वाऱ्याने नाळ फिरवली. दुसऱ्यांदा फास पडला पण बोटहुक, म्हणजे आकड्याची काठी, पाण्यात गेला. वळून बोटहुक उचलण्यात दहा मिनिटं. तिसऱ्या वेळी शेजारच्या बोटीवरचे एक गृहस्थ छोट्या होडीतून वल्हवत आले आणि काही न बोलता बोयाचा दोर माझ्या हातात दिला. मी धन्यवाद म्हटलं. त्यांनी बोटीत डोकावून विचारलं, "आणि बाकीचे?"

पोहोचले १४.५०. नोंद प्रामाणिक हवी: शेवटचे तीन मीटर दोन माणसांचे.

११ जून. कासलबे

दहा तास झोपले. बंदराच्या मधोमध पाण्यात किसिमुलचा किल्ला, मॅकनील घराण्याचा. सिंधुदुर्ग बघितलेल्याला हे त्याचं पिल्लू वाटतं. २०००मध्ये मॅकनीलांनी तो सरकारी वारसा खात्याला हजार वर्षांच्या भाड्याने दिला, वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली. मामाला सांगितलं. त्याने बाटली किती मोठी ते विचारलं.

यादीतल्या ‘ऐकणे’पुढे आज लिहिलं: बोट थांबवून मोठ्याने बोलणे. संकोच करू नये, ऐकायला कोणी नसतं.

शेजारच्या गृहस्थांना तीन घावणे नेऊन दिले. तवा परत नाळेकडे.

१२ जून. मिंगुले

वारा २, आकाश स्वच्छ. दक्षिणेला दहा-अकरा मैलांवर मिंगुले आहे, ओसाड बेट. इथली शेवटची माणसं १९१२मध्ये निघून गेली. कारणं बरीच, पण एक मुख्य: उतरायला धड जागाच नाही. एकच उपसागर, पूर्वेला तोंड, वाळूवर फुटणाऱ्या लाटा. धक्का कधी नीट झालाच नाही, त्यामुळे वाऱ्याच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे ना कोणी येऊ शके ना जाऊ शके.

वाळूत नांगर टाकला, आठ मीटर पाण्यात. धरला. छोटी होडी फुगवून पाण्यात सोडली आणि तिच्यात बसून किनाऱ्याकडे बघत राहिले. लाटा मोठ्या नव्हत्या, पण फुटत होत्या. होडी उलटली तर पोहत येता येईल. पण मी किनाऱ्यावर असताना नांगर सुटला तर? काजवावर कोणी नसेल. नेहमी आमच्यापैकी एक जण बोटीवर थांबतो आणि दुसरा उतरतो, मग उलट. हे काम ३१च्या यादीत नव्हतंच.

परत चढले. दोन तास दुर्बिणीतून गाव बघितलं: छपरं नसलेल्या भिंती, वाळूत अर्ध्या गेलेल्या, आणि वरच्या उतारावर पफिन पक्ष्यांची ये-जा. मग नांगर उचलला.

काम ३२: बोटीवर थांबणे. उपाय: नाही.
मिंगुले: उतरणं बाकी. गुडघ्याच्या डॉक्टरांना सप्टेंबरचं विचारायचं.